61 कीपॅड फोन आणि एक वायर: कायओएसवर ॲप पोचवायचं कसं

राळेगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. त्यांच्या आईच्या बचत गटातल्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या मिळून 61 बायका कापूस वेचायला जातात. कोणी कुणाच्या वावरात किती किलो वेचला, भाव काय ठरला, मजुरी किती मिळाली आणि किती बाकी, हे लिहून ठेवणारं छोटं ॲप ताईंनी कायओएस नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या कीपॅड फोनांसाठी स्वतः बनवलं. लॅपटॉप आणि वायर घेऊन त्या 22 घरं फिरल्या, तेव्हा कुठं 4 फोनांत ते गेलं. मग हिशोबात एक चूक सापडली, म्हणून त्याच 4 घरी आणखी दोन चकरा झाल्या. 'झिप फाईल व्हॉट्सॲपनं नाहीतर ब्लूटूथनं पाठवली आणि बायकांनी स्वतःच टाकून घेतली, असा काही सोपा इन्स्टॉलर करता येईल का?' असं त्यांनी विचारलंय.

ताई, नाही करता येणार. आणि त्याची गरजही नाही. तुमच्या ॲपला फोनात 'टाकायचं' कामच ठेवू नका. ते एका पत्त्यावर ठेवा, बायकांना तो पत्ता उघडायला सांगा आणि उघडल्यावर मेनूत पिन करायला, म्हणजे त्याचं चिन्ह तिथं बसवायला, सांगा. मी हिंगणघाटला मोबाईलचं दुकान चालवतो. 2017 मध्ये जिओफोन आला तेव्हापासून या फोनांची उघडझाक करतोय आणि त्यांच्यासाठी लहान लहान ॲपही लिहितोय. तुम्ही करताय ती वायरीची फेरी मी दोन हंगाम मारली आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय. यात पाय अडकायच्या जागा मात्र बऱ्याच आहेत, त्या सांगतो.

आधी तुमची यादी. तुम्ही लिहिलंय की 38 जिओफोन, 9 नोकिया आणि 14 'साधे 4जी कीपॅड'. ही यादी कंपनीवरून केलेली आहे, ती ऑपरेटिंग सिस्टीमवरून करा. नोकियाचा 8110 4जी, तो केळ्यासारखा वाकडा, 2018 साली आपल्याकडं 5,999 ला आला होता, त्यात कायओएस आहे. नोकिया 110 4जी मध्ये ते नाही, त्यात सिरीज 30 प्लस नावाची दुसरी, साधी सिस्टीम आहे. 9 पैकी 4 नोकियांतच ॲप गेलं म्हणता, म्हणजे ते चार 8110 असणार आणि बाकीचे दुसरे. 2023 मध्ये 999 रुपयांत आलेला जिओभारत व्ही2 सुद्धा, नाव जिओचं असलं तरी, कायओएसचा नाही. अशा फोनांत तुमचं ॲप कुठल्याच वाटेनं जाणार नाही, तेव्हा त्यांच्यामागं एक दिवसही घालवू नका. त्या बायकांचा हिशोब शेजारणीच्या फोनात ठेवा. तुमच्या ॲपमध्ये एका फोनावर एकापेक्षा जास्त नावं घेता येत नसतील, तर पहिली दुरुस्ती ती करा.

फोन ओळखायला घरोघर जायचं काम नाही. एक चाचणीचं पान बनवा आणि उघडणाऱ्या ब्राउझरची ओळखओळ, म्हणजे युजर एजंट, त्यावर मोठ्या अक्षरात छापा. कायओएस असेल तर त्यात ते नाव आणि पुढं आवृत्तीचा आकडा येतो. जिओफोनात 2.5 दिसेल. हे पान उघडायला सांगा आणि आकडा फोनवर विचारून घ्या. काही जण बॅटरी काढून तिच्याखालचा मॉडेल नंबर वाचायला सांगतात. तसं सांगू नका. बॅटरी काढली की या फोनांची तारीख बिघडू शकते, आणि त्यातून काय भानगड होते ते पुढं येईलच.

आता तुमची वायर काही फोनांत चालली आणि काहींत नाही, त्याचं कारण. कायओएस हे मुळात मोझिलाचं फायरफॉक्स ओएस. 2014 मध्ये इंटेक्सनं क्लाउड एफएक्स नावाचा टचस्क्रीन फोन 1,999 रुपयांना काढला होता, त्यात तेच होतं. डिसेंबर 2015 मध्ये मोझिलानं स्मार्टफोनांचा नाद सोडला आणि त्या खुल्या कोडवर पुढं कायओएस उभं राहिलं. त्यामुळं इथलं प्रत्येक ॲप म्हणजे आतून वेबपान असतं: एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि सोबत ॲपची ओळख सांगणारी मॅनिफेस्ट नावाची एक फाईल, सगळं एका झिपमध्ये बांधलेलं. ती झिप बाहेरून आत घ्यायची तर फोनाचं डीबगचं दार, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठी ठेवलेली चाचणीची वाट, उघडावं लागतं. 8110 वर *#*#33284#*#* डायल केलं की वरच्या पट्टीत किड्याचं चित्र येतं. त्या आकड्यांच्या कळांवर डी-ई-बी-यू-जी ही अक्षरं आहेत, म्हणून लक्षात राहतं. मग एडीबी या लॅपटॉपवरून फोनाशी बोलणाऱ्या साधनानं 6000 नंबरचा पोर्ट जोडायचा आणि जुन्या फायरफॉक्समधल्या वेबआयडीई या ॲप बनवायच्या खिडकीतून ॲप ढकलायचं. तुम्ही हेच करत असणार. जिओफोनवर तोच आकडा डायल केला तर काहीच होत नाही, कंपनीनं ते दार बंद ठेवलंय. तुमच्या वायरीत किंवा ड्रायव्हरमध्ये दोष नाही, तो शोधत बसू नका.

इंटरनेटवर जिओफोनाची सिस्टीम बदलून दार उघडायचे उपाय मिळतील. स्वतःच्या भंगार फोनावर हौस म्हणून जरूर करा, गटातल्या बाईच्या फोनावर अजिबात नको. फोन मेला तर तिच्या मजुरीतून दुसरा येणार आहे का?

झिप पाठवायचंही तसंच. एकानं हौसेनं आपल्या मावशीच्या फोनात ब्लूटूथनं झिप सोडली होती. मावशी फोन घेऊन माझ्या दुकानात आल्या. 'आलं त आहे दादा, पण उघडूनच नाही राहिलं.' ते उघडणार नव्हतंच. अँड्रॉइडवर एपीके फाईलवर बोट ठेवलं की इन्स्टॉल होतं, तशी सोय कायओएसच्या फाईल मॅनेजरात नाही. फाईल कार्डात पडून राहते, एवढंच. मेमरी कार्डातून झिप टाकून देणारं ओम्नीएसडी नावाचं एक साधन आहे, पण ते स्वतः फोनात जायलाही आधी तेच डीबगचं दार लागतं. म्हणजे फिरून पुन्हा वायरच.

राहिला सरळ रस्ता, स्टोअरचा. इथं दोन वेगळी दुकानं आहेत. नोकियासारख्या फोनांत कायस्टोअर असतं, जिओफोनात जिओस्टोअर. एकात मंजुरी मिळाली म्हणून दुसऱ्यात ॲप दिसत नाही. दोन्हीकडं चिन्हं, स्क्रीनशॉट, वर्णन द्या, टचशिवाय सगळं चालतं हे दाखवा, आणि पुढं प्रत्येक दुरुस्तीला पुन्हा तपासणी. हजारो लोकांसाठीच्या ॲपला हे ठीक आहे. 61 बायकांसाठी, आणि तेही वेचणीचा भाव आठवड्याला बदलतो तिथं, हा रस्ता लांबचा पडतो. शिवाय गटाचा खाजगी हिशोब जगभर दिसणाऱ्या दुकानात कशाला मांडायचा?

म्हणून पिन. कायओएसच्या ब्राउझरमध्ये पान उघडल्यावर ऑप्शन्समध्ये 'पिन टू ॲप्स मेनू' असा पर्याय येतो. तो दाबला की पानाचं चिन्ह बाकीच्या ॲपच्या रांगेत जाऊन बसतं. बाईच्या दृष्टीनं ते ॲपच झालं. तुमच्या दृष्टीनं मात्र 61 फोनांत काहीच ठेवलेलं नाही, सर्व्हरवर एकच प्रत आहे, तिथं चूक दुरुस्त केली की पुढच्या वेळी सगळीकडं दुरुस्त.

आता पत्ता उघडायचा कसा, यावर लोक विचार करत नाहीत आणि इथंच निम्मा खेळ बिघडतो. या फोनात अक्षर म्हणजे कळ पुन्हा पुन्हा दाबणं. तुम्ही ठेवलेलं नाव 'कापूसवेचणी' इंग्रजी अक्षरांत 12 अक्षरांचं आहे. मी मोजलं, ते उमटवायला कळा 26 वेळा दाबाव्या लागतात. एकट्या एसला सातची कळ चार वेळा. त्यात एकदा बोट जास्त पडलं की पुढचं अक्षर, मग खोडा, मग वैताग. प्रत्येक कळेवरचं पहिलं अक्षर एका दाबात येतं, ती अक्षरं अशी: ए, डी, जी, जे, एम, पी, टी, डब्ल्यू. या आठांतून नाव बसवा. 'गट' घ्या की, जी-ए-टी, म्हणजे 4, 2, 8, तीन दाबांत झालं. 'जगत'ही असंच पाच दाबांत बसतं. नाव मिळेल न मिळेल, पण निवडताना हा हिशोब करा. सर्व्हरवर एक काळजी घ्या: बाई पत्त्याच्या आधी एचटीटीपीएस वगैरे काही लिहिणार नाही, तेव्हा नुसत्या पत्त्यावर आली तरी ती आपोआप सुरक्षित पानावर पोचली पाहिजे.

एसएमएसमधून दुवा गेला तर टंकायचंही काम नाही, मेसेजातला दुवा निवडला की ब्राउझर उघडतो. पण एकदम सगळ्यांना कंपनीसारखा मेसेज पाठवायचा विचार असेल तर त्यासाठी ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांप्रमाणं डीएलटी या मेसेज पाठवणाऱ्यांच्या नोंदवहीवर नोंदणी लागते. संस्था, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि मजकुराचा नमुना, सगळ्याची. 1 ऑक्टोबर 2024 पासून तर आतला दुवासुद्धा आधी नोंदवलेला असावा लागतो. छोट्या गटाला हे झेपत नाही. त्यापेक्षा प्रत्येक गटाच्या सचिव ताईंनी आपल्या दहा-बारा जणींना आपल्याच फोनावरून मेसेज करावा. एक फायदा वरचा: अनोळखी नंबराच्या दुव्याला बायका हात लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. सचिव ताईचा नंबर त्यांच्या फोनात जतन असतो.

आता पान उघडलं आणि पांढरं फटक दिसलं, असं होईल. तुमच्या लॅपटॉपवर उत्तम चालत असेल तरी. कायओएस 2.5 च्या आत फायरफॉक्सचं 48 नंबरचं इंजिन आहे, 2016 मधलं. जावास्क्रिप्टमधलं असिंक-अवेट 52 मध्ये आलं, सीएसएस ग्रिडही 52 मध्ये, वेबपी चित्रं 65 मध्ये. तुमच्या फाईलीत कुठंतरी एकदाच 'असिंक' लिहिलेलं असेल, तर नुसती ती ओळ वाया जात नाही, अख्खी फाईल इंजिनाला वाचताच येत नाही, आणि पडद्यावर चूक झाल्याचा एक शब्दही उमटत नाही. नवं जावास्क्रिप्ट जुन्या इंजिनाला वाचता येईल असं बदलून देणारं बॅबेल वापरा, त्याला लक्ष्य म्हणून फायरफॉक्स 48 सांगा आणि प्रत्येक बदलानंतर खऱ्या जिओफोनावर उघडून पाहा. गावात जुना जिओफोन सहज मिळतो, एक चाचणीसाठी ठेवाच. पडदा 240 गुणिले 320 पिक्सेलचा, रॅम 512 एमबी. लॅपटॉपच्या खिडकीत हा अंदाज येत नाही.

कळांचंही एक बघा. किलो लिहायच्या रकान्याला 'टेल' हा प्रकार द्या, म्हणजे कळ दाबली की थेट आकडा येतो, नाहीतर 8 लिहायला गेलं की टी उमटतं. आणि मागं जायची कळ ब्राउझरला बॅकस्पेस म्हणून कळते. तुम्ही ती स्वतः हाताळली नाही तर आकडा खोडायला गेलेली बाई पानाबाहेर पडते आणि भरलेलं सगळं जातं. म्हणून शेवटच्या 'जतन करा' बटणाची वाट न बघता प्रत्येक रकाना भरला की तो लगेच साठवा. बांधावर उभं राहून, काट्यापाशी गाठोडी टाकायच्या गडबडीत कोणी बटण शोधत बसत नाही.

दुसरा पांढरा पडदा सर्टिफिकेटचा, म्हणजे पान सुरक्षित असल्याचा जो दाखला ब्राउझर तपासतो त्याचा, आणि हा मला फार महागात पडला. एका शेतकरी गटासाठी मी पऱ्हाटीवरच्या फवारणीच्या नोंदीचं असंच एक पान चालवत होतो. ऑक्टोबर 2021 च्या पहिल्या आठवड्यात फोनांवर फोन, 'दादा, तुमचं पान असुरक्षित आहे म्हणते.' पानात मी काहीच बदललं नव्हतं. झालं असं होतं की फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं जुनं मूळ, म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकी दाखले मानले जातात ते मूळ सर्टिफिकेट, 30 सप्टेंबर 2021 ला संपलं. त्यांचं नवं मूळ, आयएसआरजी रूट एक्स1, फायरफॉक्समध्ये 50 व्या आवृत्तीपासून आहे. आमचं इंजिन 48. म्हणजे फोनाला नव्या मुळाची ओळखच नव्हती. लॅपटॉपवर, अँड्रॉइडवर सगळं ठणठणीत, आणि नेमके कीपॅड फोन बाहेर. मला हे कळायला दोन दिवस गेले. त्यामुळं सर्टिफिकेट घेताना साखळीच्या टोकाचं मूळ कोणतं ते तपासा, 2016 च्या आधीपासून फायरफॉक्समध्ये असलेलंच पाहिजे. सुरक्षित जोडणीची टीएलएस 1.2 ही जुनी पद्धत सर्व्हरवर बंद करू नका, 1.3 या इंजिनाच्या आवाक्यात नाही. सुरक्षिततेचा सल्ला देणारे फक्त 1.3 ठेवा म्हणतील, त्यांना हा फोन दाखवा.

आणि इथंच ती बॅटरी. बॅटरी काढून परत घातली आणि वेळ नेटवर्कवरून घ्यायची सेटिंग बंद असली तर फोन कित्येक वर्षं मागच्या तारखेला जाऊन बसतो. मग तुमचं आजचं सर्टिफिकेट त्याला 'अजून सुरूच न झालेलं' वाटतं आणि इशारा तोच येतो. पान असुरक्षित आहे असं कोणी सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारतो, 'फोनात आज तारीख काय आहे?' बहुतेक वेळा तिथंच मिटतं.

नेट नसताना काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. आपल्याकडं वावरात टॉवर कधी धरतो कधी सोडतो. यासाठी सर्व्हिस वर्कर वापरा, 48 मध्ये तो चालतो. पहिल्यांदा पान उघडलं की तो सगळ्या फाईली फोनात साठवतो आणि पुढं नेट नसतानाही पान उघडतं. पण हाच वर्कर नीट लिहिला नाही तर जुनं पान सोडतच नाही. माझ्या त्या फवारणीच्या पानावर 15 लिटरच्या पंपाला औषध किती, यात एका ठिकाणी माझीच चूक झाली होती. ती सर्व्हरवर संध्याकाळीच दुरुस्त केली आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक काका दुकानात आले, त्यांच्या फोनात जुनाच आकडा. मग वही काढून पानाच्या सगळ्या वापरणाऱ्यांना एकेक करून फोन लावला. नुकसान कोणाचं झालं नाही, पण त्या दिवशी दुकानाचं शटर दुपारी उघडलं.

गोम दोन ठिकाणी होती. सर्व्हिस वर्करची फाईल खुद्द सर्व्हरनं 'साठवून ठेव' अशा हेडरसकट पाठवली होती, त्यामुळं नवी फाईल आली आहे हे फोनाला दिवसभर कळलंच नाही. त्या एका फाईलीला 'नो-कॅश' हेडर द्या. दुसरं, नवा वर्कर आला तरी जुना बाजूला होईपर्यंत तो थांबून राहतो. त्याला लगेच ताबा घ्यायला सांगणारं स्किपवेटिंग मी लिहिलंच नव्हतं. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे: पानाच्या वरच्या कोपऱ्यात आवृत्तीचा नुसता आकडा, मोठा, 7 किंवा 8. फोनवर 'तुमच्याकडं नवं आलं का' विचारलं तर सगळ्या जणी 'हो आलं' म्हणतात. 'कोपऱ्यात आकडा कोणता आहे?' विचारलं तर खरं कळतं.

पिन केलेल्या पानाची एक कमजोरी आहे, ती झाकत नाही. त्यातली माहिती ब्राउझरच्या खोलीत राहते. फोन मंद झाला म्हणून घरातल्या पोरानं सेटिंगमध्ये जाऊन कुकीज आणि साठवलेला डेटा पुसला, की आठवड्याची वेचणी गेली. जागा भरली की फोन स्वतःही पुसू शकतो. 'हे जपून ठेव' असं ब्राउझरला सांगायची सोय फायरफॉक्समध्ये 55 पासून आली, आपल्याला ती नाही. तेव्हा रोज संध्याकाळी हिशोब फोनाबाहेर गेलाच पाहिजे. नेट असेल तर सर्व्हरवर. नसेल तर मोझॲक्टिव्हिटी, म्हणजे पानातून फोनाचं दुसरं ॲप उघडायची सोय, वापरून त्या दिवसाच्या नोंदींचा तयार एसएमएस उघडून द्या, नंबर सचिव ताईंचा, बाईनं फक्त पाठवा दाबायचं. नाव, वावर, किलो, भाव, एवढंच असलं तर पुरतं. मराठीत लिहिलेला एसएमएस 70 अक्षरांत संपतो आणि पुढं दुसरा मोजला जातो, म्हणून नावांऐवजी क्रमांक ठेवा. सचिव ताईंकडं वही असतेच.

पॅकेज, म्हणजे झिपमधून टाकलेलं ॲप, खरोखर लागतं ते मोजक्या ठिकाणी. ॲपला स्वतः एसएमएस वाचायचे असतील, मेमरी कार्डात फाईल लिहायची असेल, ठरल्या वेळी गजर द्यायचा असेल, तर वेबपानाला ते अधिकार मिळत नाहीत. तुमच्या कामाला यातलं काही लागत नाही. तरी त्या 4 फोनांत पॅकेज आहेच, म्हणून दोन गोष्टी. 'झिप चुकीची आहे' असा इशारा तुम्हाला मधूनमधून येतो म्हणालात, त्याचं कारण जवळपास नक्की हे: विंडोजमध्ये फोल्डरवर उजवं बटण दाबून तुम्ही झिप करता, मग झिपच्या आत आधी फोल्डर येतो आणि मॅनिफेस्ट त्याच्या पोटात. मॅनिफेस्ट झिपमध्ये सगळ्यात वर उघडा दिसला पाहिजे. फोल्डरच्या आत जा, सगळ्या फाईली निवडा आणि मग झिप करा. दुसरं, एका फोनात तुमच्या ॲपची दोन चिन्हं झाली आणि जुना हिशोब नव्यात दिसेना, तेही यातलंच. मॅनिफेस्टमध्ये 'ओरिजिन' ठरवून दिलेला नसला की वायरीनं टाकलेल्या ॲपला आपोआप एक ओळख मिळते. दुसऱ्या लॅपटॉपवरून किंवा दुसऱ्या फोल्डरातून टाकलं की ओळख बदलू शकते आणि फोन त्याला वेगळंच ॲप समजतो. नाव ठरवून द्या, मग नवं जुन्याच्या जागी बसतं.

कायओएस 3 चा फोन कधी हाती आला तर त्यात मॅनिफेस्टचं नाव आणि रचना वेगळी आहे, इंजिन 84 नंबरचं आहे, म्हणजे तुमची 2.5 ची झिप तिथं तशीच चालणार नाही. वेबपान मात्र दोन्हीकडं तेच चालतं. पिनच्या बाजूनं माझा कौल पडायचं हेही एक कारण.

जाता जाता एक. फोनाची चिप वेगळी म्हणून वेगळं पॅकेज करावं लागेल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाही, वेबपानाला चिपशी देणंघेणं नसतं. ही डोकेदुखी सेलफिश ओएस या दुसऱ्या मोबाईल सिस्टीमवाल्यांना आहे. 2016 मध्ये इंटेक्सनंच ॲक्वा फिश नावाचा सेलफिशचा फोन इथं 5,499 ला काढला होता, आठवत असेल तर. तिथं 32 बिट आणि 64 बिट प्रोसेसरला वेगळी पॅकेजं लागतात, वर सिस्टीमच्या आवृत्तीप्रमाणंही फरक पडतो. त्यावर तिथल्या हौशी लोकांनी युक्ती काढली: सगळ्या फोनांना चालेल असा एकच इवलासा इन्स्टॉलर वाटायचा, आणि फोन कोणता ते पाहून योग्य पॅकेज त्यानंच ओढून आणायचं. तुमचा तीन दाबांचा पत्ता तेच काम करतो. पान युजर एजंट पाहून ठरवेल, 2.5 ला काय द्यायचं, 3 ला काय, आणि ज्या फोनात चालतच नाही तिथं 'शेजारणीच्या फोनावर नोंद करा' असं मराठीत दोन ओळींत सांगेल.

आता पहिलं काम त्या 4 फोनांचं. पॅकेजमधला हिशोब पिन केलेल्या पानात आपोआप येत नाही, दोघांच्या खोल्या वेगळ्या आहेत. म्हणून जुन्या ॲपमध्ये 'सगळं पाठवा' असं एक बटण घाला, शेवटचं एकदा वायर घेऊन त्या 4 घरी जा, नवं बटण टाका, सगळ्या नोंदी सर्व्हरवर आल्याची तुमच्या डोळ्यांनी खात्री करा आणि त्यानंतरच जुनं ॲप काढा. आधी काढलंत तर नोंदीही त्याच्यासोबत जातील. मग पाच जिओफोन निवडा, शक्यतो तीन गावांतले, आणि सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, व्हायच्या आत त्यांच्यावर पिन करून आठवडाभर खोट्या नोंदी करायला लावा. पाचातली एक तरी बाई अशी घ्या जी फोन फक्त उचलायला आणि ठेवायला वापरते. मेसेज मिळाल्यापासून चिन्ह मेनूत दिसेपर्यंत ती कुठं कुठं थांबते ते शेजारी बसून लिहून काढा, मध्ये बोलू नका. ती यादी मला पाठवा, पुढचं तिच्यावरून बघू.